सूत कुणाचं?

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही ऑनलाइन टी-शर्ट विकायला सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि कॉलेजातला एक मित्र. दोघंही सोलापूरचे, दोघंही इंजिनियर, दोघंही बाहेरगावच्या कंपन्यांचं काम घरून करणारे. धंद्याची वेळ रात्री दहानंतर आणि शनिवार-रविवार. भांडवल प्रत्येकी वीस हजार, त्यातले निम्मे पहिल्या महिन्यात जाहिरातींवर गेले. रजिस्ट्रेशन अम्माच्या नावावर. कारण माझ्या ऑफर लेटरमध्ये दुसरा व्यवसाय करायचा नाही असं एक कलम आहे, आणि २०२२ मध्ये मूनलायटिंगवरून आयटीत जो गदारोळ झाला तेव्हापासून ते कलम मी बऱ्याचदा वाचलंय.

पहिली ऑर्डर आली तेव्हा नान्नांना, म्हणजे वडिलांना, मोबाईलवर डिझाइन दाखवलं. काळ्या शर्टवर पांढऱ्या अक्षरांत ‘काय बे’. सोलापूरबाहेरच्यांना हे भांडण वाटतं, आम्हाला तो नमस्कार आहे. नान्नांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. हसले नाहीत. आमच्या घरात तेलुगू बोलतात, तर तेलुगूत विचारलं, “नूलु एवरिदि?”

सूत कुणाचं?

मी समजावलं. सूतबित काही नाही, एक कंपनी आहे. शर्ट तिचा, छपाई तिची, पॅकिंग तिचं, कुरियरही तीच करते. आपण डिझाइन टाकायचं आणि गिऱ्हाईक आणायचं. “मग तुझं काय आहे त्यात?” हे त्यांनी मराठीत विचारलं. चिडले की ते मराठीत बोलतात.

नान्नांनी तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे चार यंत्रमाग चालवले. शेड भाड्याची, माग स्वतःचे, सूत व्यापाऱ्याचं. सूत यायचं, टॉवेल जायचे, मजुरी मिळायची. २०२१ मध्ये माग भंगारात गेले, वजनावर. त्यामुळे हा प्रश्न मला आधी जुन्या धंद्याची खोड वाटला. पण डोक्यातून जाईना. मग सोलापूरच्या कापडाबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. टी-शर्टचं काम त्या दोन महिन्यांत मागे पडलं, हेही कबूल करतो.

०००

आम्ही पद्मशाली. तेलंगणातून आलेले विणकर. सोलापुरात साखर पेठ, भवानी पेठ भागात फिरलात तर दुकानांच्या पाट्या मराठी आणि ओट्यावरची भांडणं तेलुगू असतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा अर्धं शहर रस्त्यावर असतं. आमच्यातलेच लोक भिवंडीला गेले, सुरतेला गेले, अहमदाबादला गेले. जिथे माग तिथे आम्ही.

इथे येण्याची कारणं भूगोलात दिसतात. सोलापूर मराठी, कानडी आणि तेलुगू मुलखांच्या कडेवर. १८६० मध्ये रेल्वे इथे पोचली आणि सोलापूर एकदम मोठ्या बाजारपेठेचं गाव झालं. १८८४ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये सोलापूरच्या हातमागांबद्दल बरीच पानं आहेत. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, त्यावर बसलेला पुरुष, आणि घरातल्या बायका-पोरं सुताची तयारी करणार, कांड्या भरणार. एका माणसाच्या विणण्यामागे चार माणसांचे हात. पगार वगैरे नाही, घरचंच काम. आज ज्याला ‘फावल्या वेळेतलं काम’ म्हणतात ते त्या घरांत सगळ्यात जास्त बायकांनी केलं आणि हिशेबात सगळ्यात कमी धरलं गेलं.

विणत होते ते मुख्यतः लुगडी. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या मुलखातली शेतकरीण. म्हणजे आमच्या लोकांचा धंदा ज्वारीवर अवलंबून. पाऊस चांगला झाला, सुगी झाली, लग्नं ठरली की लुगडं विकलं जायचं. पाऊस गेला की माणूस आधी कापड घेणं बंद करतो, मग बाकीचं. त्यामुळे दुष्काळात शेतमजुराच्या बरोबरीनं विणकरही उघड्यावर यायचा, तेही स्वतःचं शेत नसताना.

आणि सूत? ते घरात कातलेलं राहिलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांचं आणि विलायतेचं सूत व्यापाऱ्याकडे गठ्ठ्यांनी यायचं. ज्याच्याकडे रोख असेल तो विकत घ्यायचा. ज्याच्याकडे नसेल तो उधार घ्यायचा, आणि ज्याच्याकडून सूत उधार त्यालाच कापड द्यायचा, तो म्हणेल त्या भावाने. नान्नांचा प्रश्न इथून येतो.

सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. मुंबईचे गिरणीमालक मोरारजी गोकुळदास यांची. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग हे तिचं नाव फक्त कागदावर राहिलं. गावात ती ‘जुनी मिल’. तारीख लक्षात घ्या: १८७६ ते १८७८ हा दख्खनचा सगळ्यात भयंकर दुष्काळ. पोट घेऊन शहरात आलेली माणसं आणि नवीन भोंगा एकाच वेळी.

शाळेत आपण शिकतो की गिरण्या आल्या आणि हातमाग मेले. सोलापुरात तसं झालं नाही, निदान लगेच तरी नाही. गिरणी कापड विणायची तशी सूतही कातायची, आणि ते सूत गावातल्याच हातमागांवर जायचं. डग्लस हेन्स या इतिहासकाराचं पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांतल्या विणकरांवर एक जाडजूड पुस्तक आहे, त्यात सोलापूर पुन्हापुन्हा येतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे लोक मोडून पडले नाहीत. ते बदलत राहिले. धावता धोटा आला तर तो घेतला, रंगीत सूत आलं तर ते घेतलं, पुढे वीज आली तर यंत्रमाग घेतला. पण हे बदल ज्याला परवडले तो कारखानदार झाला आणि ज्याला नाही परवडले तो त्याच्या कारखान्यात कामाला लागला. दोघं एकाच जातीचे, कधी एकाच कुळाचे.

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने या विणकरांचा अभ्यास केला. १९३६ मध्ये एन. एम. जोशी यांचं दख्खनच्या शहरांतल्या हस्तव्यवसायांवरचं पुस्तक आलं, १९४७ मध्ये आर. जी. काकडे यांनी सोलापूरच्या विणकर जमातींची पाहणी छापली. या अभ्यासांतून विणकरांच्या पायऱ्या दिसतात. एक, स्वतःचा माग, स्वतःचं सूत, कापड स्वतः बाजारात विकणारा. दोन, माग स्वतःचा पण सूत दुसऱ्याचं, कापड त्याला देऊन मजुरी घेणारा. तीन, माग, सूत, छप्पर सगळं कारखानदाराचं, आपले फक्त हात. हा तिसरा बहुधा उचल घेऊन आलेला असायचा. लग्नाला घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही, आणि ती फिटायच्या आत पुढचं लग्न येतं.

मी हे वाचताना वहीत तीन रकाने काढले. नान्ना दुसऱ्या रकान्यात बसले. मी कुठे बसतो ते बघायला जरा वेळ लागला.

०००

मधे दुष्काळाचं एक सांगायचं राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत सरकारपुढे प्रश्न होता की विणकरांचं काय करायचं. दुष्काळी कामं म्हणजे खडी फोडणं आणि माती वाहणं. खड्ड्यात पाय सोडून बसून आयुष्य काढलेल्या माणसाला ते झेपत नाही, आणि खडी फोडून हातांची बोटं गेली की दुष्काळ संपल्यावरही तो विणू शकत नाही. म्हणून सोलापुरात विणकरांसाठी वेगळी सोय झाली: त्यांना सूत द्यायचं, घरच्या मागावर विणू द्यायचं, मजुरी द्यायची आणि लुगडी ठेवून घ्यायची. दिवस फिरले की विकायची.

म्हणजे त्या काही महिन्यांसाठी सूत सरकारचं होतं, आणि न विकलेला मालही सरकारचाच. माझ्या खोलीत पलंगाखाली टी-शर्टचे दोन खोके पडलेत, त्यामुळे हा भाग वाचताना त्या जुन्या अधिकाऱ्यांविषयी मला जी आपुलकी वाटली ती इतिहासाच्या पुस्तकाला शोभणारी नव्हती.

०००

‘काय बे’ थोडेफार विकले गेल्यावर मित्र म्हणाला, आता मोठं काहीतरी करू, मार्शल लॉ करू. सोलापूरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर उसळलं. गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला, लोक मेले, चौक्या जळल्या, पोलीस शहर सोडून गेले. काही दिवस शहरात इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि जूनच्या अखेरीपर्यंत राहिला. खादीची टोपी डोक्यावर असणं हासुद्धा मार खायला पुरेसा गुन्हा होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत तिथून आम्ही रोज जातो.

मित्राने चौघांच्या चेहऱ्यांचं सुंदर काम केलं होतं. एकाच रंगात, जाड रेषांत. छापलं असतं तर विकलं गेलं असतं, याची मला खात्री आहे. पण मला किंमत टाकता येईना. ‘चार हुतात्मे, ४९९ रुपये, दोन घेतल्यास डिलिव्हरी मोफत’ हे टाइप करून पुसलं. मित्राचं म्हणणं चुकीचं नव्हतं: चे गव्हेराचा शर्ट घालून फिरतोस ना, मग? त्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. ते डिझाइन ड्राइव्हवर पडून आहे.

त्याच्याऐवजी मी जुन्या मिलच्या धुराड्याचं डिझाइन केलं. ते करताना मिलची पुढची गोष्ट वाचली, आणि ती मला मार्शल लॉइतकीच नाट्यमय वाटली, फक्त तिच्यात वकील जास्त आहेत. ऑगस्ट १९४९ मध्ये गैरकारभारामुळे मिल बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर. ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताक व्हायला सतरा दिवस असताना, केंद्र सरकारने या एका मिलसाठी वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले: देशात इतक्या गिरण्या असताना एकाच गिरणीसाठी कायदा, हा समतेचा भंग नाही का? डिसेंबर १९५० मध्ये पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. मग द्वारकादास श्रीनिवास हे दुसरे भागधारक वेगळ्या मुद्द्यावर गेले, आणि डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने तोच कायदा अवैध ठरवला: कारभार असा काढून घेणं म्हणजे मालमत्ताच काढून घेणं, मग भरपाई कुठे आहे? पुढे घटनेच्या चौथ्या दुरुस्तीमागे जे निकाल होते त्यात हाही होता. कायद्याचे विद्यार्थी आजही ‘शोलापूर केस’ शिकतात. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला मी सांगितलं की ती मिल आमच्या घरापासून जवळ होती, तर तिला ती मिल खरोखर कुठेतरी होती याचंच आश्चर्य वाटलं.

भागधारकांचं, संचालकांचं आणि सरकारचं मिलवरचं नातं काय हे न्यायालयाने दोनदा तपासलं. कामगार दोन्ही निकालांत आहेत, पण कायदा ज्यांच्यासाठी केला ते लोक एवढीच त्यांची भूमिका.

०००

आता टी-शर्टकडे येतो, कारण इथे एक गंमत आहे जी मला धंदा सुरू करेपर्यंत माहीत नव्हती. कापडाच्या गावात जन्मून, विणकराच्या घरात वाढून, मी ज्या कापडाचा धंदा करतोय ते सोलापूरच्या मागावर होतच नाही.

मागावर ताणा असतो आणि बाणा असतो. उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात ओलांडतात. चादर, टॉवेल, लुगडं, शर्टाचं कापड, सगळं असंच. टी-शर्टचं कापड तसं नाही. त्यात एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, स्वेटरसारखे. म्हणून ते ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. ते माग नावाच्या यंत्रावर बनत नाही, गोल फिरणाऱ्या सुयांच्या यंत्रावर नळीसारखं बनतं. याला आपल्याकडे होजियरी म्हणतात. आणि याचा सगळ्यात जुना मराठी पत्ता म्हणजे गंजीफ्रॉक. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आणि देशीच समजत होतो. तो इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आलाय. तिथले खलाशी जो विणलेला लोकरी अंगरखा घालायचे तो ‘गर्न्सी फ्रॉक’. त्याचा आपल्याकडे गंजीफ्रॉक झाला आणि पुढे नुसती गंजी.

टी-शर्टही मुळात गंजीच. अमेरिकेच्या नौदलाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिलेला. आतला कपडा बाहेर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि १९५१ च्या एका सिनेमात मार्लन ब्रँडोने तो असा घातला की जगभरच्या पोरांनी वरचा शर्ट काढून टाकला. माझे आजोबा, आम्ही त्यांना ताता म्हणतो, आयुष्यभर गंजीफ्रॉकवर मागावर बसले. त्यांना कुणी ब्रँडो म्हटलं नाही.

भारतात हे कापड म्हणजे तिरुपूर. तमिळनाडूतलं हे गाव १९२० च्या दशकात होजियरीत उतरलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी इटलीच्या एका आयातदारापासून निर्यात सुरू झाली, आणि आज तुमच्या अंगावरचा टी-शर्ट कुठल्याही ब्रँडचा असला तरी तिरुपूरहून आलेला असायची शक्यता बरीच आहे. सोलापूर या वाटेला गेलं नाही. माग भंगारात टाकून सुयांची यंत्रं घ्यायची तर भांडवल लागतं, आणि आमच्याकडच्या चार-चार मागांच्या शेडमालकांकडे ते नव्हतं.

सोलापूर जे करत होतं ते मात्र जबरदस्त होतं, हे अभिमानाने सांगतो. सोलापुरी चादर जॅकार्डवर होते. ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास बनवलेली युक्ती: पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. मोर, कमळ, ताजमहाल, जे हवं ते भोकांच्या भाषेत लिहायचं. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं होतं. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला हे स्लाइडवर शिकवलं. वर्गात निम्म्या पोरांच्या घरी किंवा शेजारी जॅकार्ड होता, आणि सरांनाही ते सुचलं नाही, आम्हालाही नाही.

चादरीत नक्षी कापडाच्या आत असते. एका बाजूला लालवर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्यावर लाल. धुतली तरी जात नाही, कारण वर काही लावलेलंच नाही. आमचं ‘काय बे’ वरून चिकटवलेलं असतं. पंचवीस धुण्यांनंतर ‘का’ला चिरा पडतात, असा एक फोटो पुण्याच्या एका ताईंनी पाठवलाय.

भौगोलिक मानांकनाचा कायदा २००३ मध्ये अमलात आल्यावर अगदी पहिल्या काही नोंदींत सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल होते. तरी पानिपतहून हलक्या धाग्याच्या ‘सोलापुरी’ चादरी येतात आणि निम्म्या किमतीत विकल्या जातात, अगदी सोलापूरच्या बाजारातही. नाव आपलं, सूत त्यांचं. गिऱ्हाईक किंमत बघतं.

शहराने त्यातून काढलेली नवी वाट म्हणजे शिलाई. शाळांचे गणवेश. इथल्या गारमेंट उत्पादकांच्या संघटनेने २०१७ च्या जानेवारीत सोलापुरात गणवेशांचं मोठं प्रदर्शन भरवलं, पुढे ते मुंबई-बंगळुरूसारख्या शहरांत गेलं. त्यातलं बरंचसं कापड बाहेरून येतं, इथे कापणं आणि शिवणं होतं. शिलाई मशीनवर बहुतेक बायका, आणि मजुरी नगावर.

०००

आता हिशेब. मुंबईत आयआयटीच्या दोन पोरांनी २०१२ मध्ये ‘बेवकूफ’ सुरू केली, थोडक्या पैशांत, आणि पुढे आदित्य बिर्ला समूहाने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. ही गोष्ट प्रत्येक यूट्यूब व्हिडिओत असते. आमचा हिशेब व्हिडिओत नसतो, म्हणून लिहितो.

शर्ट ४९९ ला. त्यात जीएसटीचे २४. कोरा शर्ट आणि छपाई मिळून २९०. कुरियर ७०. पैसे ऑनलाइन घ्यायचे १०. उरले १०५. एक ऑर्डर आणायला जाहिरातीचे सरासरी ८०. उरले पंचवीस रुपये, दोघांत. आणि गिऱ्हाइकाने दारात आलेला कॅश ऑन डिलिव्हरीचा शर्ट परत पाठवला तर जाण्याचं कुरियर, येण्याचं कुरियर आणि जाहिरात मिळून २२० गेले. म्हणजे एक परत आला की जवळपास नऊ शर्टांची कमाई साफ. आमचे पहिल्या दोन महिन्यांत पाचातला एक परत येत होता. गणित तुम्हीच करा.

नायनम्मा, माझी आजी, विड्या वळायची. सोलापुरात पुरुष मागावर आणि बाई विडीवर ही जुनी वाटणी. कारखान्यातून पानं आणि तंबाखू मोजून मिळायचा, घरी हजार विड्या वळून परत न्यायच्या. तिथे एक माणूस बसलेला, तो वाईट विड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणतात. छाट निघाली की तिचे पैसे नाहीत, आणि पुष्कळदा ती विडी परतही मिळायची नाही. मी तिला रिटर्नचं समजावून सांगितलं, बारकोड, पिनकोड, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, छाट. मग विचारलं, “छाट काढणारा दिसतो तरी का तुला?”

नाही दिसत. हाच फरक. गिऱ्हाइकाचा फोन नंबरसुद्धा आम्हाला पूर्ण दिसत नव्हता, मधले आकडे फुल्या असायचे. कोण घेतंय, परत का पाठवतंय, पुन्हा घेईल का, हे सगळं त्या कंपनीला माहीत. मार्चमध्ये त्यांनी छपाईचा दर चाळीस रुपयांनी वाढवला. ईमेल आला, संपलं. त्या रात्री वहीतले तीन रकाने पुन्हा उघडले. लॅपटॉप माझा, म्हणजे माग स्वतःचा म्हणायला हरकत नाही. सूत त्यांचं. छप्पर त्यांचं. बाजार त्यांचा. दुसरा रकाना, तिसऱ्याकडे कललेला.

वाईट वाटलं का? वाटलं. पण नान्नांच्या आणि माझ्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मला महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. धंदा बुडाला तर मी रात्री लवकर झोपेन, बस. नान्नांचं सूत एक आठवडा आलं नाही तर घरात भाजी बदलायची. फावल्या वेळेत धंदा करणाऱ्याने विणकराशी स्वतःची तुलना जपून करावी. मी इथवर केलीय, आणि ती तेवढ्यापुरतीच.

०००

एप्रिलमध्ये आम्ही ती कंपनी सोडली. तिरुपूरहून शंभर कोरे शर्ट मागवले, रोख पैसे देऊन. गल्लीतच एक स्क्रीन प्रिंटिंगवाले अन्ना आहेत, लग्नाच्या पिशव्या छापतात. त्यांनी पन्नास ‘काय बे’ आणि पन्नास धुराडी छापून दिली. वेबसाइट माझी स्वतःची, दोन रविवारांत लिहिलेली. ऑर्डर आली की नंबर पूर्ण दिसतो. अम्मा फोन करून विचारते, “पार्सल घेणार ना नक्की? नाहीतर पाठवत नाही.” लोक हसतात आणि घेतात. परत येणारे वीसातला एक झाले.

खोके आले त्या दिवशी नान्नांनी एक शर्ट हातात घेतला, उन्हात धरला, दोन बोटांत चोळला, आडवा ताणून सोडला. “एकशे ऐंशीचं आहे,” म्हणाले. पावतीवर तेच लिहिलं होतं, १८० जीएसएम. मग शिलाई उलटी करून बघितली, एका बाहीला टाका सुटलेला निघाला. त्यांनी सगळे शंभर तपासले. सहा बाजूला काढले.

स्टॉकची वही आता त्यांच्याकडे आहे. एक्सेल शीट मी बनवलीय, ती ते बघत नाहीत. आजच्या तारखेला सदतीस शिल्लक, त्यातले एकवीस एस साइझचे. एस कुणीच घेत नाही. हे आम्हाला मागवायच्या आधी कुणी सांगितलं नाही.

परवा तिरुपूरच्या व्यापाऱ्याचा व्हॉट्सॲप मेसेज आला. पुढच्या वेळी दोनशे घ्या, ब्रदर, पैसे तीस दिवसांनी दिले तरी चालतील, फक्त दुसरीकडून घेऊ नका. मित्राने लगेच अंगठा पाठवला आणि मला फोन केला, दिवाळीच्या आत दोनशे जातील बे, सोड.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. नान्नांनाही मेसेज दाखवलेला नाही.